बत्तिसाव्या वहीतला भोंगा

१

सोमवारी सकाळी दहा वाजता आम्ही कपाट उघडलं, तेव्हा आत एकतीस वह्या होत्या. असायला हव्या होत्या बत्तीस.

मी शिंपी. कापड बेतताना शिवणीला दोन बोटं माया सोडतो, आणि गोष्ट सांगतानाही तेवढी सोडतो. माझ्या आजोबांनी हत्तीला पायजमा शिवला होता असं सांगितलं की लोक हसतात. पायजमा होता, तो मी स्वतः बघितलाय. हत्तीबद्दल फार तर वाद घालता येईल. आजची गोष्ट मात्र अंगाबरोबर बेतलेली आहे. एकाच ठिकाणी थोडी माया आत दाबून ठेवलीय, ती वेळ आली की उसवून दाखवीन.

माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत आमचं मंडळ भरतं. पाटीवर लिहिलंय ‘नागरिक देखरेख मंडळ’. गाव म्हणतं ‘नको-मंडळ’. कारण नगरपालिकेनं काही नवं काढलं की आमचा पहिला शब्द ‘नको’. रस्त्याला नवं नाव? नको, आधी जुन्या नावाचे खड्डे बुजवा. नवं कारंजं? नको, आधी नळाला पाणी सोडा. चालतंय ते मोडू नये, मोडलंय ते आधी दुरुस्त करावं, आणि लोकांना न विचारता लोकांच्या उंबऱ्यात पाय घालू नये, एवढंच आमचं म्हणणं. कुणी आम्हाला जुनाट म्हणतं. म्हणू दे. उसवलेलं शिवायचं सोडून नवा तागा फाडतो, त्याला मी शिंपी म्हणत नाही.

मंडळाचे अध्यक्ष अण्णा. कोर्टात पस्तीस वर्षं लघुलेखक होते. नगरपालिकेच्या दर सभेला ते प्रेक्षकांच्या सज्जात बसतात, पहिल्या बाकावर, खिडकीला टेकून, आणि सगळं लिहून घेतात. तेरा वर्षांत एक सभा चुकलेली नाही. अण्णांनी पेनाचं टोपण काढलं की खाली नगरसेवक जीभ आवरतात. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर एकच ओळ असते: ‘ऐकलं तेवढंच लिहिलं.’

आणि आज, नेमकी गेल्या गुरुवारच्या सभेची वही गायब.

कुलूप शाबूत होतं. किल्ल्या दोनच. एक अण्णांच्या घरी खुंटीला, दुसरी माझ्या गळ्यातल्या मापाच्या टेपेला बांधलेली.

अण्णा बराच वेळ कपाटाकडे बघत राहिले. मग माझ्या गळ्याकडे.

२

दारात भोंगेवाली उभी होती. ती वही तिलाच हवी होती.

गावात दिवसातून तीनदा भोंगा वाजतो. आठला, बाराला, पाचला. पाण्याच्या टाकीखाली एक खोली आहे, तिथे खटका आहे. तो आधी भोंगेवालीचे वडील दाबायचे, आता ती दाबते. खोलीतच राहते. म्हातारी आई बरोबर, तिला पाच पायऱ्या उतरायच्या म्हटलं तरी दोन माणसं लागतात.

तिच्या हातात नगरपालिकेचं पत्र होतं. विषय क्रमांक सात मंजूर. भोंगा स्वयंचलित करणे. खोली बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंत रिकामी करणे.

“मास्तर, मंजूर कसा झाला?” ती मला म्हणाली. “गुरुवारी मला हजर राहायला सांगितलं होतं. चारपासून दाराबाहेरच्या बाकावर बसले. शिपाई म्हणाला, हलू नकोस, कधीही बोलावतील. कुणी बोलावलं नाही. साडेसहाला आतून आवाज आला, ‘सातवा पुढच्या सभेत बघू.’ आणि सगळे उठले. अण्णांच्या वहीत असेल ना ते?”

“वहीत असेल ते खरं,” अण्णा पत्र वाचून म्हणाले. “मी तोंडी साक्ष देत नाही. पण हे पत्र मी आत्ता बघतोय.”

“शनिवारी आलं. मी आधी तुमच्याकडेच धावले होते, अण्णा. वहिनी म्हणाल्या, झोपलेत, सोमवारी दुकानात ये.”

अण्णा खाली बघत पत्राची घडी घालत होते.

त्या गुरुवारची गंमत गावात सगळ्यांना ठाऊक होती. भोंगेवाली बाकावर अडकलेली, म्हणून पाचचा भोंगा वाजलाच नाही. बेकरीवाल्याचे पाव भट्टीत कोळसा झाले. मी पाचच्या भोंग्याला मशीन थांबवतो. त्या दिवशी थांबलोच नाही आणि एका शर्टाला चार बाह्या लावून बसलो. बरं, तीन.

“सगळे इथेच थांबा,” मागून आवाज आला. “कपाटाला हात लावू नका.”

भरारी बाई आल्या होत्या. आमच्याच मंडळाच्या. तीस वर्षं परीक्षेच्या भरारी पथकात होत्या, म्हणजे कॉपी करणारी मुलं पकडायच्या. चपला न वाजवता चालायची सवय अजून गेलेली नाही. त्या समोर आल्या की पन्नाशीतले बाप्येसुद्धा नकळत शर्टाच्या बाह्या खाली ओढतात.

“मास्तर, वही इथे ठेवली कधी?”

“गुरुवारी सभेनंतर. अण्णांनी स्वतः.”

“आणि मागच्या खोलीत त्यानंतर कोण कोण आलं?”

मी बोटं मोजली. शुक्रवारी नगरपालिकेचा कारकून, पँट घेऊन; गाल सुजलेला. शनिवारी बल्बवाला, नव्या कोटाची ट्रायल द्यायला. शनिवारीच दुपारी वहिनी, म्हणजे अण्णांच्या सौभाग्यवती, अण्णांच्या कोटाला बटण लावायला; त्या पाणी प्यायला आत गेल्या होत्या. रविवारी दुकान बंद.

“आणि तुम्ही,” बाई म्हणाल्या.

“मी तर इथलाच.”

“तेच म्हणतेय.”

३

बल्बवाला म्हणजे नगरसेवक. चौकात त्याचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. स्वयंचलित भोंग्याची कल्पना त्याचीच, आणि यंत्र कुठल्या दुकानातून येणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आम्ही त्याला नगरपालिकेच्या जिन्यात गाठलं.

“झाला की मंजूर!” तो म्हणाला. “मी हात वर केला होता.”

“कशासाठी?” बाईंनी विचारलं.

“कशासाठी म्हणजे... विषयासाठी. सगळ्यांनी केला.”

“मंजूर करायला की पुढे ढकलायला?”

“बाई, पाचव्या विषयानंतर चहा आला होता. इतिवृत्त बघा ना.”

इतिवृत्त म्हणजे सभेत काय झालं त्याची नगरपालिकेची अधिकृत नोंद. आणखी दोन नगरसेवक भेटले. एकाला ठराव मंजूर झाल्यासारखं वाटत होतं. दुसऱ्याने विचारलं, “कुठला सातवा?” आवाज टिपायचं यंत्र दीड वर्षं दुरुस्तीला गेलेलं. मुख्याधिकारी नवे होते, सभ्य होते, आणि भिंतीसारखे होते. “इतिवृत्तात मंजूर म्हणजे मंजूर,” ते म्हणाले. “तुमच्याकडे वेगळा पुरावा असला तर आणा. बुधवारी पाचपर्यंत.”

कारकुनाने इतिवृत्त समोर ठेवलं. गाल अजून सुजलेलाच. बाईंनी उभ्यानेच वाचायला सुरुवात केली. मीही त्यांच्या खांद्यावरून वाचलं. विषय एक, गटारांची सफाई. विषय दोन, दिव्यांचे खांब. मध्ये, ‘सायंकाळी पाच वाजता भोंग्यामुळे कामकाज दोन मिनिटे थांबले.’ पुढे विषय पाच, सहा, आणि शेवटी सात, ‘एकमताने मंजूर’. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. दर इतिवृत्तात अशीच वाक्यं असतात.

बाई मात्र एका ओळीवर थांबल्या. मग म्हणाल्या, “जुनी इतिवृत्तं द्या. दहा वर्षांची.”

नागरिकांना मागता येतात, कारकुनाने निमूट काढून दिली. बाईंनी अर्धा तास पानं उलटली. परीक्षेच्या हॉलमध्ये शेवटच्या बाकाकडे चालत जावं, तशी त्यांची बोटं चालत होती.

“दाढ काढली का रे?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

“हो, बाई. गुरुवारी.”

“सभेच्या दिवशी? किती वाजता?”

कारकुनाने आवंढा गिळला. दुखत असणार. “साडेचारला.”

“जप. गरम खाऊ नकोस.”

बाहेर व्हरांड्यात आल्यावर बाई हसल्या. तीस वर्षं ते हसू बघून मुलांना घाम फुटायचा. मला आता फुटला.

“मास्तर, ह्या मुलाने कॉपी केलीय.”

“कुणाची?”

“ते तुम्हीच मला सांगणार आहात. पण आधी अण्णांचं घर.”

४

मंगळवारी सकाळी अण्णा दाराजवळच्या खुर्चीत पेपर वाचत होते. किल्ली खुंटीला होती. वहिनी आत पीठ मळत होत्या. आम्ही बसतोय तोच दाराची घंटा वाजली, दूधवाला आला होता. अण्णा दारापासून हातभर अंतरावर, पण जागचे हलले नाहीत. वहिनी पिठाच्या हाताने आतून धावत आल्या. अण्णांचा हा कोर्टातला थाट मला जुना माहीत आहे.

“अण्णा,” बाईंनी विचारलं, “सातव्या विषयाला नेमकं काय झालं?”

वहिनी अण्णांच्या समोर येऊन म्हणाल्या, “अहो, बाई विचारतायत, सातव्या विषयाला काय झालं?”

माझी बायकोही माझं बोलणं पाहुण्यांना पुन्हा सांगते. फरक एवढाच की ती सुधारून सांगते.

अण्णांनी चष्मा काढला. “मी तोंडी बोलत नाही. पण वही गेलीच आहे, तर सांगतो. मंजूर झाला.”

मी खुर्चीतून उठलोच. “काय म्हणता?”

“सगळ्यांनी हात वर केले. डोळ्यांनी पाहिलं मी. मंजूर झाला, आणि तसंच लिहिलंय. मला वाईट वाटतं त्या पोरीचं. पण वही आपल्या सोयीने लिहायची नसते, मास्तर. नाहीतर आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय?”

वहिनी हाताचं पीठ खरवडून काढत होत्या. सगळं निघालं तरी खरवडतच होत्या.

“वहिनी,” बाई हळूच म्हणाल्या, “शनिवारी भोंगेवाली येऊन गेली, ते अण्णांना सांगायचं राहिलं का?”

“झोपले होते. मग विसरले मी.”

ह्या वेळी वहिनींनी अण्णांना काही पुन्हा सांगितलं नाही. अण्णा पेपरकडे वळले होते.

रस्त्यावर आल्यावर मी हिशेब मांडला. दोन दिवस जी वही आम्ही शोधत होतो, ती सापडली तर भोंगेवालीची खोली जाणारच होती. म्हणजे नगरपालिकेला ती चोरायचं कारणच नव्हतं. वही नाहीशी होण्यात फायदा एकाच माणसाचा होता.

“बाई,” मी म्हणालो, “भोंगेवालीनेच तर नाही?”

“तुमचं माप चुकतंय,” बाई म्हणाल्या. “आणि आता तुमची पाळी.”

५

दुकानात येऊन बाई ग्राहकांच्या स्टुलावर बसल्या आणि माझी ऑर्डरची वही पुढ्यात ओढली.

“तुमच्याकडे वर्षाचे शुक्रवार आहेत. सभा दर महिन्याच्या एका गुरुवारी. दर सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक नोंद आहे: कारकून, काळी पँट, शिवण उसवली. जानेवारीत उसवली. फेब्रुवारीत उसवली. बाराही महिने एकाच पँटची एकच शिवण, नेमकी सभेच्या दुसऱ्या दिवशी. तुम्ही इतके वाईट शिंपी आहात का?”

तर, ही ती दाबून ठेवलेली माया. उसवतो.

कारकून चांगला पोरगा आहे. माझ्या गोष्टी शेवटपर्यंत ऐकतो. हत्तीच्या पायजम्याला नाड्या किती लागल्या हे विचारणारा गावात तो एकटाच. सहा वर्षांपूर्वी तो म्हणाला, मास्तर, अण्णांची वही तासभर द्याल का, माझे एक-दोन मुद्दे राहिलेत. दिली. पुढच्या महिन्यात चार मुद्दे राहिले. मग पँट हे निमित्त झालं. सकाळी पँटच्या पिशवीतून वही जायची, दुपारी परत यायची. मला तर त्यात अभिमानच वाटायचा. नगरपालिकेच्या अधिकृत कागदात आमच्या मंडळाचे शब्द!

“ह्या शुक्रवारीही?” बाईंनी विचारलं.

“हो. पण दुपारी परत आली. मी स्वतः कपाटात ठेवली. आई शप्पथ.”

“ठेवली असणार. कॉपी झाली की चिठ्ठी कुणी जवळ ठेवत नाही.”

“पण तुम्हाला कळलं कसं, त्याने आपलीच वही उतरवली ते?”

“कॉपी करणारं पोर बरोबर उत्तराने सापडत नाही, मास्तर. चुकीच्या उत्तराने सापडतं. शेजाऱ्याची चूक जशीच्या तशी येते. सभेत भोंग्याला दोन मिनिटं काम थांबलं, ही नोंद अण्णांची सवय. नगरपालिकेला तिची गरज काय? सहा वर्षांपूर्वीपर्यंतच्या एकाही इतिवृत्तात ती नाही. मग अचानक दर महिन्याला. आणि गेल्या गुरुवारीही आहे.”

“मग?”

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. माझ्या हातातून खडू पडला.

गेल्या गुरुवारी भोंगा वाजलाच नव्हता.

“कारकून साडेचारला दाढ काढायला गेला,” बाई म्हणाल्या. “त्याने पुढचं काही ऐकलं नाही, जे लिहिलेलं मिळालं ते उतरवलं. चूक त्याची नाही, त्याच्या शेजाऱ्याची आहे.”

“अण्णांची? बाई, अण्णा चुकत नाहीत!”

“वही परत आली म्हणजे तुम्ही आणि कारकून सुटलात. बल्बवाल्याला हवं ते इतिवृत्तात आहेच, तो वही कशाला नेईल? भोंगेवालीला वहीत काय आहे ते ठाऊकच नव्हतं, उलट तिला ती हवी होती. शिवाय दोघांकडे किल्ली नाही. वही त्याने नेली, ज्याला वहीपेक्षा लिहिणाऱ्याची काळजी आहे. उद्या अकराला सगळ्यांना बोलवा. बल्बवाल्याला नको.”

“तो का नको?”

“त्याने ह्यात काही केलेलं नाही. मग त्याने ऐकायचंही कारण नाही.”

६

बुधवारी अकराला मागच्या खोलीत आम्ही सहा जण होतो. अण्णा, वहिनी, कारकून, भोंगेवाली, बाई, मी. भोंगेवालीने पत्र चौपदरी घडी करून मुठीत धरलं होतं. तिच्या घरचं सामान बांधून पायऱ्यांवर ठेवलेलं मी येताना बघितलं होतं. आई आत खाटेवर, अजून बांधायची राहिलेली.

कारकुनाने आधी कबूल केलं. रडला. दाढेसाठी की नोकरीसाठी, ते विचारलं नाही.

“आता,” बाई म्हणाल्या, “शाळेत आम्ही एक करायचो. वर्गातली वस्तू हरवली की मी फळ्याकडे तोंड करून उभी राहायची. ज्याने घेतली त्याने टेबलावर ठेवायची, पुढे प्रश्न नाही. सगळे भिंतीकडे वळा.”

आम्ही वळलो. एवढे मोठे लोक, पण वळलो. अण्णांना वहिनींनी खांद्याला धरून वळवलं. पिशवीचा बंद सुटल्याचा आवाज झाला. परत फिरलो तर इस्त्रीच्या टेबलावर बत्तिसावी वही. वहिनी तिच्याकडे बघत नव्हत्या, एवढ्यावरूनच सगळं दिसत होतं.

अण्णांनी झडप घालून वही उघडली. “हे बघा. मंजूर. आणि हे, पाच वाजता भोंगा, दोन मिनिटं. एक शब्द इकडचा तिकडे नाही.”

बाईंनी माझा खडू उचलला. टेबलावर काळं सुटाचं कापड पसरलं होतं. त्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलं: ‘गुरुवारी पाचला भोंगा वाजला नाही.’

अण्णांनी वाचलं. एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. शेवटी वहिनींकडे.

“वाजला नाही?”

वहिनींनी मान हलवली.

“पाच वाजले होते,” अण्णा म्हणाले. “घड्याळ बघितलं मी. पाचला तो वाजतोच.” मग वही मिटत, “उजवा कान चार वर्षांपूर्वी गेला. डावा मागच्या वर्षी. विषयपत्रिकेवरून मी आधी लिहून नेतो. बाकीचं ओठांवरून, हातांवरून...”

“मला माहीत होतं,” वहिनी त्यांच्यासमोर येऊन म्हणाल्या. “तुम्हाला वाटायचं मला कळत नाही, म्हणून मीही कळू दिलं नाही. शनिवारी ही पोरगी आली, म्हणाली अण्णांच्या वहीत असेल. मी बटणाच्या निमित्ताने किल्ली घेऊन इथे आले, वही उघडली आणि तो भोंगा दिसला. गावाने वाचलं असतं तर हसलं असतं तुम्हाला. खोलीचं मी नंतर बघणार होते, बाई. कसं ते माहीत नव्हतं.”

“ताई,” बाई भोंगेवालीला म्हणाल्या, “बारा वाजत आले. तू जा, तुझं काम कर.”

ती गेली. अण्णा बोलतच होते. “हे तिथे जाऊन सांगायचं? मीच? मग ह्या एकतीस वह्यांवर कोण विश्वास ठेवील? तेरा वर्षं! मंडळावर हसतील ते. उद्यापासून कुणीही उठेल आणि म्हणेल...”

टाकी माझ्या दुकानाला लागूनच आहे. भोंगा सुरू झाला. खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या, कात्री टेबलावर नाचायला लागली. आम्ही सगळे गप्प. अण्णा मात्र बोलत होते. ओठ हलत होते, हात हलत होते, एक शब्द आमच्यापर्यंत पोचत नव्हता. मग त्यांचं लक्ष आमच्या तोंडांकडे गेलं. मग कात्रीकडे.

ते थांबले. कात्री थांबेपर्यंत तिच्याकडे बघत उभे राहिले.

“मास्तर,” ते म्हणाले, “माझ्या कोटाला बटण लावलंत?”

“लावलंय.”

“द्या मग. चला.”

७

तीन वाजता मुख्याधिकाऱ्यांच्या दालनात नऊपैकी सात नगरसेवक जमले. बल्बवाला पुढच्या खुर्चीत. अण्णा उभे राहिले, वहिनी शेजारी.

“तुमचं इतिवृत्त माझ्या वहीवरून उतरवलेलं आहे,” अण्णा म्हणाले, “आणि माझी वही चुकलेली आहे. मला ऐकू येत नाही. त्या दिवशी न वाजलेला भोंगा मी वाजवला. सातव्या विषयाला हात वर झालेले पाहिले. ते कशासाठी होते, ते ऐकलेलं नाही. ऐकलं नाही ते लिहिलं. हा माझा जबाब. लिहून आणलाय, सही आहे.”

मुख्याधिकाऱ्यांनी जबाब दोनदा वाचला. कारकुनाकडे बघितलं. कारकून जमिनीकडे बघत होता.

बल्बवाला हसला. “म्हणजे इतकी वर्षं बहिरा माणूस आमच्यावर देखरेख ठेवत होता?”

वहिनींनी ते शब्दन् शब्द अण्णांना सांगितलं. सुधारलं नाही.

“हो,” अण्णा म्हणाले. “आणि तुम्हाला तर ऐकू येतं. मग सांगा, हात कशासाठी वर केला होता?”

बल्बवाल्याने मागे वळून बाकीच्यांकडे बघितलं. मागच्या खुर्चीतले सर्वांत वयस्कर नगरसेवक खाकरले. “पुढे ढकलायला. मीच म्हणालो होतो, सातवा पुढच्या सभेत बघू. चहा झाला होता आणि मला घरी जायचं होतं.” मग दुसऱ्याला आठवलं, मग तिसऱ्याला. एकाला आठवलं की सगळ्यांना आठवतं, हे बाईंनी मला आधीच सांगितलं होतं.

चार वाजून दहा मिनिटांनी पत्र रद्द झालं. भोंगेवालीने सामान पायऱ्यांवरून आत न्यायला सुरुवात केली, आणि पाचला सगळं तसंच टाकून खटका दाबायला गेली.

पुढच्या सभेला सज्जात माणसं मावेनात. आम्ही विचारलं, चालणारा भोंगा बदलायचा कशाला? मत घेतलं, विषय पडला. कारकुनाची एक वेतनवाढ थांबली; तो आता स्वतः लिहितो, वाईट लिहितो, पण स्वतः. त्याच्या पँटची शिवण त्यानंतर एकदाही उसवलेली नाही. मी काही वाईट शिंपी नव्हतोच. कपाटाची माझी किल्ली बाईंनी काढून घेतली, ते मात्र मनाला लागलं.

अण्णांनी राजीनामा लिहून आणला होता. भोंगेवालीने तो वाचला, घडी घातली आणि म्हणाली, “अण्णा, हे पण तुम्ही कुणाचं न ऐकताच लिहिलंत.” मंडळाने तो नामंजूर केला. हात वर करून. अण्णांना दिसावेत असे, दोन्ही.

तेहतिसाव्या वहीवर ओळ तीच आहे. सज्जात आता अण्णांच्या समोरच्या बाजूला वहिनी बसतात, त्यांच्याकडे तोंड करून. अण्णा आता आधी काही लिहून नेत नाहीत. पाच वाजायला आले की पेन खाली ठेवतात आणि तळहात खिडकीच्या काचेवर टेकवतात. घड्याळात पाच वाजतात. अण्णा थांबतात.

काच थरथरते. मग ते लिहितात.